अथेन्समधली ईस्टरची मध्यरात्र

ग्रीसमधला ईस्टर बघायचा म्हणून भारतातलं कॅलेंडर पाहून तिकीट काढलंत तर फसाल. इथलं चर्च तारीख जुन्या जुलियन पंचांगावरून काढतं. 2025 मध्ये दोन्हीकडे 20 एप्रिलच होता. पण 2024 मध्ये वसईत ईस्टर झाला 31 मार्चला, आणि अथेन्समध्ये 5 मेला.

खरा सोहळा शनिवारी रात्रीचा. अकरापर्यंत चर्चमध्ये पोचा, नंतर आत पाय ठेवायला जागा नसते. मेणबत्तीला प्लॅस्टिकची वाटी लावूनच घ्या, नाहीतर गरम मेण थेट बोटांवर ओघळतं. पुढच्या बाईचे केस मोकळे असतील तर दोन पावलं मागे सरका.

बाराला थोडा अवकाश असताना सगळे दिवे मालवतात. मिट्ट काळोखात धर्मगुरू एकच पेटती मेणबत्ती घेऊन वेदीच्या दारात येतात, आणि वातीवरून वात पेटत उजेड दारापर्यंत पसरतो. मग सगळे अंगणात. बाराला घोष होतो, 'ख्रिस्तोस आनेस्ती', म्हणजे ख्रिस्त उठला आहे. त्यावर 'आलिथोस आनेस्ती', खरोखर उठला आहे, असं म्हणायचं. पुढचे चाळीस दिवस नमस्काराच्या जागी हेच.

आपल्याकडे याला सर्रास 'येशूचा पुनर्जन्म' म्हणतात. ते चूक आहे. पुनर्जन्मात देह बदलतो. इथे तोच देह, खिळ्यांच्या जखमांसकट, पुन्हा मरण नसलेल्या जीवनात उठला, अशी श्रद्धा आहे. हे घडलंच नसेल तर तुमचा विश्वास फुकट, असं संत पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला स्पष्ट लिहिलं होतं. चर्चमधलं पुनरुत्थानाचं चित्र नीट बघा: ख्रिस्त आदाम आणि हव्वेला मनगटाला धरून थडग्यातून ओढून काढतोय, पायाखाली मृत्युलोकाची मोडकी दारं, आणि कुलपं-किल्ल्या विखुरलेल्या. म्हणजे उठणं त्याच्या एकट्याचं नाही.

घोषानंतर बरेच जण घरी पळतात, कारण जवळपास सात आठवड्यांचा उपवास सुटायचा असतो. मेणबत्ती न विझवता न्यायची आणि तिच्या काजळीने चौकटीवर क्रूस काढायचा. मग मायिरित्सा, म्हणजे कोकराच्या काळीज-आतड्यांचं शेपू घातलेलं सूप, आणि लाल अंडी. लाल रंग ख्रिस्ताच्या रक्ताचं प्रतीक, कवच थडग्याचं. ती गुरुवारीच रंगवतात. फ्रिजमधली अंडी थेट गरम पाण्यात सोडली की तडकतात, म्हणून आधी बाहेर काढून ठेवा. रंगाच्या पाण्यात व्हिनेगर हवंच, नाहीतर रंग धरत नाही. शेवटी ऑलिव्ह तेलाचं फडकं फिरवलं की चकाकतात.

मग एकमेकांच्या अंड्यावर अंडं आपटून फोडायचा खेळ असतो. आपटताना टोक तेवढं मुठीबाहेर ठेवा.