पाणी कुठून आणता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. घरी येणारा प्रत्येक जण चहा हातात पडायच्या आत हेच विचारतो: माण तालुक्यात एवढी झाडं? पाणी कुठून आणता?

टँकर आणत नाही. आमचा सातारा जिल्हा तसा गमतीचा. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि पूर्वेला डोंगराआड आम्हाला जेमतेम पाचशेच्या आसपास. जून-जुलैत ढग नुसते वरून पळतात, खरा पाऊस सप्टेंबरातला, परतीचा. पण हिशेब करून बघा. शंभर चौरस मीटर पत्र्यावर १ मिलिमीटर पडला की १०० लिटर. पाचशेचे झाले ५०,०००. काही उडतं, काही वाहून जातं, तरी टाकी भरते. मोरीचं पाणी केळी-शेवग्याला.

खरं तर पाण्याआधी विचारायला हवं ते शेळ्या-मेंढ्यांचं. हा मेंढपाळांचा मुलूख. कळप इथे आधीपासून आहेत, बाग आपण आता करतोय, तेव्हा बंदोबस्तही आपणच करायचा. मी शेराचं, म्हणजे चीक असलेल्या निवडुंगासारख्या झुडपाचं, कुंपण लावलं, बांधावर काटेरी, जाड पानांची घायपात. शेराच्या चिकामुळे शेळी तोंड लावत नाही. सीताफळाचा पालाही खात नाही, म्हणून कुंपणालगत सीताफळं. पश्चिमेच्या वाऱ्यालाही तीच रांग थोडी अडवते. कोवळं रोप उन्हापेक्षा त्या वाऱ्यानंच जास्त सुकतं.

नर्सरीतली उंच रोपं मी घेत नाही. पिशवीत मुळांचं वेटोळं झालेलं असतं, आणि इथल्या मुरमात सोटमूळ खाली गेलं तरच झाड तगतं. चिंच, कडुनिंब, बोर जागेवरच बी टोकून. गावठी बोर बोटाएवढं जाड झालं की त्यावर उमराण या चांगल्या जातीच्या बोराचा डोळा भरायचा, म्हणजे कलम करायचं. सुरुवातीचे उन्हाळे शेजारी पाणी झिरपणारं मडकं भरून पुरायचं, तोंडावर झाकण, आळ्यात पाचट. मडकं पुढच्या वर्षी हातभर लांब सरकवायचं, म्हणजे मुळं ओलीमागं जातात. रोज तांब्या-तांब्या पाणी घालून मुळं वरच राहतात, पण माया करणाऱ्यांना हे पटत नाही!

घराच्या पश्चिमेला फक्त कडुनिंब. फाल्गुनात पानं झडतात आणि चैत्रात, ऊन भाजायला लागतं तेव्हा, नवी पालवी दाट होते. दुपारची भिंत तापत नाही. अंगण पूर्वेला, म्हणजे संध्याकाळी बसायला सावली.

पुण्याचे पाहुणे लॉन कुठंय विचारतात. त्यांना मी घायपात दाखवतो. आंबा होतो का? होतो, पण त्याचे लाड पुरवावे लागतात. मी दोनच ठेवलेत, तेही नातवंडांच्या हट्टानं.

निंबोळ्या हव्या असतील तर जूनमध्ये या, झाडाखाली सडा असतो. गर धुऊन पंधरवड्यात पेरून टाका. डब्यात भरून दसऱ्यापर्यंत ठेवलेल्या उगवत नाहीत.