बायोडिझेल प्लांटचे पाइप आणि व्हॉल्व्ह : माझा अनुभव

तळणीचं वापरलेलं तेल १०० लिटर, मिथेनॉल २० ते २२ लिटर, कॉस्टिक पोटॅश (तेलाचं बायोडिझेल व्हायला लागणारी अल्कली) आणि ५५ अंश तापमान. ही माझी बॅच. टाकी कुणीही वेल्डरकडून बनवून घेतो. घोळ होतो तो पाइपलाइनमध्ये, आणि तोही पाइपात कमी, सांध्यात जास्त.

पाइपाचं लवकर उरकतं. एक इंची काळा एमएस (साध्या पोलादाचा) पाइप, सी क्लास म्हणजे जाड भिंतीचा, लाल पट्ट्याचा. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, नको. जस्ताला अल्कलीही खाते आणि जुन्या तेलातली आम्लंही. नाशिकच्या सातपूर-अंबडकडच्या दुकानांत पाइप काळा मागितला की काळाच मिळतो, पण एल्बो, टी, निपल सवयीने जीआयचे दिले जातात. प्रत्येक नग उजेडात धरून बघा. माझ्याकडे असाच एक जीआय निपल चुकून लागला होता. काढला तेव्हा आतून पांढरट, ओशट थर होता, नखाने खरवडून निघत होता. तो जस्ताचा साबण. तांबं-पितळ इंधनाला लवकर खराब करतं, त्यात चिकट गाळ धरतो. अ‍ॅल्युमिनियम तर अजिबात नको, अल्कलीशी त्याचा हायड्रोजन निघतो. सीपीव्हीसीचा (प्लास्टिकचा) पाइप गरम पाण्याला चालतो म्हणून इथेही चालेल असं वाटतं, पण बायोडिझेलने त्याला जोडापाशी तडे जातात.

आता व्हॉल्व्ह. एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४ चा तीन तुकड्यांचा बॉल व्हॉल्व्ह, सीट (आतला बॉल टेकतो ती कडी) टेफ्लॉनची. निकल चढवलेलं पितळही एसएससारखंच चमकतं, म्हणून कोपऱ्यावर कानस फिरवून बघा, आत पिवळं दिसलं तर परत करा. नाशिकला वायनरीतून निघालेले एसएसचे क्लॅम्प-व्हॉल्व्ह जुन्या बाजारात मिळाले तर सोनं समजा. मात्र त्यांचे गास्केट ईपीडीएम रबराचे किंवा सिलिकॉनचे असतात. वाइनला ते उत्तम, पण बायोडिझेलमध्ये फुगतात. सगळे काढून टेफ्लॉनचे घाला.

ओ-रिंग आणि पंपाच्या सीलला व्हिटॉन (इंधनात टिकणारं रबर). साध्या नायट्राइल रबराची काळी रिंग व्हिटॉन म्हणून गळ्यात मारली जाते आणि दिसायला दोन्ही सारख्याच. मी दुकानातून एकच रिंग आणतो, व्हर्नियरने जाडी मोजतो, तयार बायोडिझेलच्या बाटलीत आठवडाभर बुडवून ठेवतो आणि पुन्हा मोजतो. फुगली, मऊ पडली तर बाकीच्या घ्यायच्याच नाहीत. पंप ओतीव लोखंडी घ्या, इंपेलरही लोखंडी आहे का ते विचारून घ्या. दोन्ही बाजूंना युनियन (पाइप न फिरवता उघडता येणारा सांधा) हवाच, नाहीतर सील बदलताना अर्धी लाइन उतरवावी लागते.

प्लंबर सांध्याला सफेदा-दोरा (रंगासारखा पांढरा लेप आणि दोरा) लावायला घेईल. त्याला थांबवा. बायोडिझेल रंगसुद्धा सोडवतं, तिथे सफेदा काय टिकणार! टेफ्लॉन टेप, चार-पाच वेढे, आट्याच्या दिशेने. पारदर्शक पीव्हीसी नळी लेव्हल बघायला लावू नका. ती हळूहळू कडक होते आणि गरम तेलासकट निसटते. काचेची नळी, वर-खाली एकेक कॉक.

मिथेनॉलमध्ये पोटॅश विरघळवायला एचडीपीई प्लास्टिकचा बंद डबा, टेफ्लॉन सीटचा एसएस कॉक आणि वाफेची नळी थेट घराबाहेर. मिथेनॉल ६४.७ अंशाला उकळतं, त्याची ज्योत दिवसा दिसतही नाही. स्विच, स्टार्टर त्या खोलीत नकोत. मोटर फ्लेमप्रूफच (आतली ठिणगी बाहेर पेट घेऊ न देणारी) घ्या, इथे पैसे वाचवू नका.

खालचा ड्रेन मी दीड इंची ठेवला आहे. निफाडकडे पारा पाच अंशांच्या खाली उतरतो त्या दिवसांत बायोडिझेलखाली तळाला बसणारं ग्लिसरीन लापशीसारखं घट्ट होतं आणि एक इंचातून हलत नाही. फरसाणवाल्यांचं तेल बहुधा पामचं, त्याचं बायोडिझेलही त्या थंडीत गोठतं.

मिथेनॉल घालण्याआधी नुसतं कोरडं तेल ५५ अंशाला तासभर फिरवा. पाण्याने चाचणी घेऊ नका, राहिलेलं पाणी बॅचचा साबण करतं. प्रत्येक सांध्याखाली वर्तमानपत्राचा तुकडा ठेवा, जिथे तेलाचा डाग पडेल तो सांधा लाइन थंड झाल्यावर उघडा आणि टेप नव्याने लावा.