चार माइकपासून सोळा माइकपर्यंत : आमची वाटचाल

दोन माणसं, दोन पॉवर्ड (आतच अँप्लिफायर असलेले) स्पीकर आणि एक छोटा मिक्सर, एवढ्यावर आमचं साउंडचं काम सुरू झालं. सामान वाढलं, पण काम तेच राहिलं. जिथे कायमची यंत्रणा नाही तिथे जायचं, तासाभरात सगळं उभं करायचं आणि कार्यक्रम संपला की मुकाट्याने उचलायचं. या सगळ्या सामानात मिक्सर सर्वांत हलका, पण काय जमेल आणि काय जमणार नाही हे तोच ठरवतो. स्पीकर कमी पडला तर भाड्याने आणखी एक जोडता येतो. मिक्सरला ऑक्स, म्हणजे मॉनिटर किंवा इफेक्टकडे वेगळा आवाज पाठवणारी वाट, कमी असेल तर ऐन वेळी तो कुठून आणणार? म्हणून ही वाटचाल मिक्सरांच्याच क्रमाने सांगतो.

पहिला मिक्सर दहा चॅनेलचा, म्हणजे तसा आकडा त्याच्या पाठीवर होता. नवा माणूस नेमका इथेच फसतो. छोट्या मिक्सरवरचा आकडा एकूण इनपुटांचा असतो आणि त्यात प्रत्येक स्टिरिओ जोडी दोन धरलेली असते. यामाहाचा एमजी१०एक्सयू घ्या. त्यात माइक लागतात ४, बाकीचे ६ इनपुट म्हणजे लाइनच्या (लॅपटॉप, कीबोर्डसारख्या उपकरणांच्या) ३ स्टिरिओ जोड्या. यात फसवाफसवी काही नाही, तपशिलाच्या कागदावर सगळं स्वच्छ लिहिलेलं असतं. आपण नाव वाचतो आणि कागद वाचत नाही. डिजिटलमध्येही तेच. बेहरिंगरच्या एक्सआर१२ मध्ये माइक प्रीअँप (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) ४, एक्सआर१६ मध्ये ८ आणि एक्सआर१८ मध्ये १६. नावातला आकडा सोळावरून अठरावर जातो, माइक मात्र दुप्पट होतात.

तेव्हापासून मिक्सर बघण्याआधी आम्ही कागदावर इनपुटांची यादी करतो. नुसतं भाषण असेल तर डायसवर एक माइक, हातातले दोन वायरलेस आणि लॅपटॉप, म्हणजे ३ माइक आणि १ स्टिरिओ. छोटा वाद्यवृंद असेल तर गाणारे दोन, गिटार, स्टिरिओ कीबोर्ड, तालवाद्यावर दोन माइक, निवेदक एक. इथेच ८ झाले. त्यावर २ माइक मोकळे ठेवायचे, कारण ठरलेल्या यादीबाहेरचा एक माणूस हमखास मंचावर येतो. दोन माइकपेक्षा जास्त जागा मोकळ्या राहत असतील तर उगाच मोठा मिक्सर वाहण्यात अर्थ नाही.

इनपुट मोजले की लोक थांबतात. आमचाही पहिला मिक्सर तसाच घेतलेला, आणि तो अपुरा पडला तो इनपुटांमुळे नाही, आउटपुटांमुळे. त्यावर ऑक्स एकच होता आणि तोच आतल्या इफेक्टलाही जात होता. गाणाऱ्याला मॉनिटर, म्हणजे त्याच्याकडे तोंड केलेला स्पीकर, द्यायचा तर ऑक्स प्रीफेडर हवा, म्हणजे समोरच्या लोकांसाठी फेडर (चॅनेलच्या आवाजाची सरकपट्टी) वरखाली केला तरी मॉनिटरमधला आवाज हलत नाही. रिव्हर्ब, म्हणजे आवाज घुमवणारा इफेक्ट, मात्र पोस्टफेडर हवा, नाहीतर फेडर खाली ओढल्यावर मूळ आवाज जातो आणि त्याची सावली तेवढी मागे घुमत राहते. एकाच ऑक्सवर ही दोन्ही कामं होत नाहीत. तडजोड म्हणून पोस्टफेडर ऑक्सवर मॉनिटर चालवला की ठरलेला गोंधळ होतो. समोर आवाज कमी वाटतो म्हणून फेडर चढवावा, त्याबरोबर मॉनिटर चढतो आणि माइक शिट्टी मारतो. माणूस दोष माइकला देतो, स्पीकरच्या जागेला देतो, आणि खरं कारण ऑक्सच्या शेजारच्या एका बटणात असतं. ते बटणही नसेल तर मिक्सरच चुकीचा घेतलेला असतो.

म्हणून दुसरा मिक्सर निवडताना आमची पहिली अट होती दोन ऑक्स, त्यातला किमान एक प्रीफेडर करता येणारा. दुसरी अट प्रत्येक चॅनेलला म्यूट बटण. गोल नॉबच्या मिक्सरवर माइक बंद करायचा म्हणजे नॉब शून्यावर नेणं, आणि परत त्याच जागी आणणं अंदाजपंचे. भाषणाच्या कामात वापरात नसलेला माइक बंद ठेवणं हाच निम्मा उपाय आहे. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी येण्याआधी मिळणारी पातळी साधारण ३ डेसिबलने घटते. एकाचे चार झाले की ६ डेसिबल गेले.

तिसरी अट लो कट. ८० किंवा १०० हर्ट्झखालचं सगळं कापणारं बटण प्रत्येक माइक चॅनेलला हवं, कारण टेबलाचा धक्का, वारा, प फ भ चे फुगे आणि मंचावरची पावलं सगळी तिथेच राहतात. आणि शक्य असेल तर मधल्या टोनला फ्रीक्वेन्सी फिरवता यावी. ठरावीक २.५ किलोहर्ट्झवर बसलेला मिड कोंदट आवाज मोकळा करू शकत नाही, तो कोंदटपणा २५० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो.

फँटम पॉवर, म्हणजे मिक्सरने केबलमधून माइकला दिलेली वीज, हे चौथं. छोट्या मिक्सरवर ४८ व्होल्टचं एकच बटण सगळ्या माइकांना लागू असतं. साध्या डायनॅमिक माइकला त्याचं काही होत नाही, केबल नीट बॅलन्स्ड (दोन तारांतून उलटसुलट सिग्नल नेणारी) असेल तर. पण रिबन माइक किंवा एखादं अनबॅलन्स्ड उपकरण एक्सएलआरने (माइकच्या तीन पिनांच्या जोडणीने) जोडलेलं असेल तर जपावं लागतं. शिवाय फँटम चालू असताना माइक काढला किंवा लावला की स्पीकरमधून जो ठोका बसतो तो ऐकण्यासारखा नसतो. चॅनेल म्यूट करा, मग पिन लावा.

प्रीअँपच्या गोडव्यावर मात्र आम्ही कधी वेळ घालवला नाही. भरलेल्या हॉलमध्ये पंखे, खुर्च्या आणि कुजबुज एवढी असते की दोन चांगल्या मिक्सरांच्या प्रीअँपमधला फरक कुणाच्याही कानापर्यंत पोचत नाही. त्यापेक्षा मागची बाजू बघावी. मेन आउट एक्सएलआरवर आहे का, जॅकच्या सॉकेटला नट बसवलेला आहे का? नट नसलेला सॉकेट थेट सर्किट बोर्डावर सोल्डर लावून उभा असतो. कुणाचा पाय केबलमध्ये अडकला की सगळा झटका त्या सोल्डरवर येतो, सांधा तडकतो आणि मग हात लावला की आवाज येतो, सोडला की जातो. रोज उघडझाप होणाऱ्या सामानात सगळ्यात आधी मरतं ते हे.

आता जोडणीतल्या दोन चुका, ज्या मिक्सर कितीही चांगला असला तरी होतात. पहिली, मोबाइल किंवा लॅपटॉपची हेडफोनची पिन. तीन कड्यांची स्टिरिओ पिन बॅलन्स्ड लाइन इनपुटात सरळ घातली की मिक्सर डाव्यातून उजवा वजा करतो. दोन्ही बाजूंना सारखं असलेलं सगळं उडतं, आणि गाण्यात बरोबर मध्यभागी असतो तो गायकाचा आवाज. वाद्यं पोकळ वाजतात, गायक गायब. केबल खराब समजून लोक तीनतीन केबल बदलतात. उपाय साधा आहे. एका टोकाला ३.५ मिलिमीटर स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो जॅक असलेली वाय केबल घ्यायची, आणि ते जॅक स्टिरिओ चॅनेलच्या डाव्या आणि उजव्या सॉकेटात लावायचे. मिक्सरवर ब्लूटूथ असलं तरी आम्ही केबलच वापरतो. ब्लूटूथचा उशीर व्हिडिओ दाखवताना ओठांवरून कळतो.

दुसरी चूक गिटारची. लाइन इनपुटचा इंपीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) साधारण १० किलोओहम असतो, गिटारच्या पिएझो पिकअपला १ मेगओहमच्या आसपास हवा असतो. सरळ जोडलं तर खालचा भरीवपणा जातो आणि पत्र्यासारखा आवाज उरतो. इक्वलायझर फिरवून तो परत येत नाही. मिक्सरवर हाय-झेड (जास्त इंपीडन्सचं) बटण असेल तर ते दाबावं, नसेल तर अ‍ॅक्टिव्ह डीआय बॉक्स, म्हणजे गिटारचा सिग्नल माइकच्या केबलजोगा करणारी डबी, मध्ये घालावा. डीआय गिटारपाशी आणि तिथून मिक्सरपर्यंत माइकची केबल, या क्रमानेच. उलट केलं की लांब अनबॅलन्स्ड केबल गुणगुण गोळा करत येते.

गुणगुणीबद्दल एवढंच. मिक्सर आणि स्पीकर एकाच ठिकाणच्या विजेवर घ्यावेत. लॅपटॉप जोडल्यावर हमिंग सुरू झालं तर आधी त्याचा चार्जर काढून बघावा. थांबलं तर मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय घालून त्याचं ग्राउंड लिफ्ट बटण दाबावं, म्हणजे सिग्नलच्या केबलमधली ग्राउंडची जोडणी सुटते. विजेच्या प्लगची अर्थची पिन तोडून हमिंग घालवणारे असतात. तसं कधीही करू नये, त्या माइकला ओठ लावून माणूस बोलत असतो.

पातळी लावण्याची आमची पद्धत पहिल्या मिक्सरपासून बदललेली नाही. चॅनेलचा फेडर शून्याच्या खुणेवर, पीएफएल (फेडरच्या आधीची पातळी मीटरवर दाखवणारं बटण) दाबायचं, बोलणाऱ्याला प्रत्यक्ष बोलतो तेवढ्या जोरात बोलायला लावायचं आणि मीटर शून्याच्या आसपास येईपर्यंत गेन (इनपुटलाच दिलेली वाढ) वाढवायचा. डिजिटलवर हीच जागा सरासरी उणे १८ डेसिबलची. ‘हॅलो हॅलो’ म्हणताना माणूस नेहमी हळू बोलतो, म्हणून वर जागा सोडायची. स्पीकरच्या मागचं बटण लाइनवर. ते माइकवर राहिलं तर मिक्सरची मेन लाइन हलकीशी उघडली तरी आवाज फाटतो. मग मेन फेडर तळाशी ठेवून चालवावं लागतं आणि मागे सतत सूंऽऽ ऐकू येतं. चालू करताना मिक्सर आधी, स्पीकर शेवटी. बंद करताना स्पीकर आधी.

तिसरा टप्पा डिजिटलचा, म्हणजे टॅबलेटवरून चालणाऱ्या मिक्सरचा. एक्सआर१८ सारख्या खोक्यात १६ माइक आणि मेनशिवाय ६ ऑक्स आउटपुट मिळतात. प्रत्येक चॅनेलला गेट (बारीक आवाज बंद करणारा), कॉम्प्रेसर (मोठा आवाज आवरणारा) आणि चार पट्ट्यांचा इक्वलायझर असतो. साउंडक्राफ्टच्या यूआय मालिकेला तर वेगळं अ‍ॅपही लागत नाही, ती ब्राउझरवर चालते. आमच्या दृष्टीने खरा फायदा वेगळाच निघाला. खोकं मंचावर राहतं, त्यामुळे मंचापासून मागपर्यंतची जाड मल्टिकोर केबल आणि ती गुंडाळण्याचा वेळ दोन्ही गेले. शिवाय टॅबलेट घेऊन शेवटच्या रांगेत उभं राहून आवाज लावता येतो. एका जागी बसून मिक्स करणारा फक्त त्या जागेचा मिक्स करतो.

तोटा एकच, पण मोठा: हातात काही उरत नाही. वाय-फाय तुटलं तर आवाज चालू राहतो, पण शिट्टी सुरू झाली असेल तर तीही चालू राहते. मिक्सरमधल्या वाय-फायवर भरवसा ठेवू नये. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा श्रोत्यांच्या मोबाइलांनी भरतो आणि माणसांची शरीरंही सिग्नल शोषतात. रिकाम्या हॉलमध्ये तपासलेलं नेटवर्क गर्दी बसल्यावर म्हणूनच कोसळतं. आम्ही वेगळा ५ गिगाहर्ट्झचा राउटर लावतो, श्रोत्यांच्या डोक्यांच्या वर, दोन-सव्वादोन मीटर उंचीवर. टॅबलेटमधली बाकी सगळी नेटवर्क पुसून टाकतो, कारण या राउटरवर इंटरनेट नाही असं दिसलं की टॅबलेट आपणहून दुसरीकडे उडी मारतो. आणि एक लॅपटॉप लॅन केबलने जोडून उघडाच ठेवतो. त्या केबलने दोनदा-चारदा नाही, दरवेळी झोप लागू दिली आहे.

वीज क्षणभर गेली तर अ‍ॅनालॉग मिक्सर लगेच परत येतो. डिजिटल मात्र नव्याने सुरू व्हायला वेळ घेतो, राउटर त्याहून जास्त, आणि तेवढा वेळ सभा गप्प. त्यामुळे ६०० व्हीएचा छोटा यूपीएस, फक्त मिक्सर आणि राउटरसाठी. स्पीकर त्यावर लावू नयेत.

सीन, म्हणजे मिक्सरची सगळी सेटिंग्ज, साठवण्याची सोय छान आहे, पण जपून वापरावी. कालच्या हॉलचा सीन आज उघडला की कालचे गेनही येतात आणि कालचा फँटमही. आम्ही एकच रिकामा सीन ठेवला आहे: सगळे चॅनेल म्यूट, लो कट १०० वर, नावं लिहिलेली, गेन तळाशी. दरवेळी तिथूनच सुरुवात.

दुसरा, फेडरवाला अ‍ॅनालॉग मिक्सर आम्ही विकला नाही. भाषणाच्या कामाला अजून तोच जातो, कारण तीन माइकांसाठी राउटर उभारणं म्हणजे डास मारायला तोफ. मोठ्या कामाला तो राखीव म्हणून सोबत असतो. मुख्य माइकच्या चॅनेलवर गेनची जागा पांढऱ्या पेनने खूण केलेली, दोन एक्सएलआर केबल आणि ती वाय केबल त्याच्याच खोक्यात. फेडर खरखरायला लागले तर वंगण असलेला कॉन्टॅक्ट क्लीनर वापरतो. कोरडा क्लीनर मारला की फेडर आठवडाभर छान चालतो आणि मग जड होतो. अडॅप्टर मिक्सरच्या मुठीला दोरीने बांधलेला आहे. काही मिक्सरचे अडॅप्टर एसी देतात, काहींचे डीसी. पिन सारखी दिसली म्हणून दुसरा लावायचा नाही, हे दोरी बघितली की नव्या पोरालाही कळतं.