काका की मामा?

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा शाळेचा निरोप आला आणि मी सगळ्यात आधी माझी सहावीची इंग्रजीची वही शोधून काढली. आईने ती जपून ठेवली होती. पानं पिवळी पडली आहेत, चार रेघांमधली माझी निळी शाई फिकटली आहे, पण बाईंची लाल शाई अजून ठसठशीत आहे. 'माय फॅमिली' या दहा ओळींच्या निबंधात माझी सातवी ओळ होती, 'माय अंकल इज टॉल.' स्पेलिंग बरोबर, व्याकरण बरोबर. तरी समासात बाईंनी तिरप्या अक्षरात लिहिलंय, 'व्हिच साइड?' कोणत्या बाजूचे?

आज मी जे काम करते त्याची सुरुवात मी या दोन शब्दांपासून धरते. ते कसं, हे पुढे येईलच.

नात्यांचे इंग्रजी शब्द पाठ करायचे म्हणजे एका रकान्यात मराठी, दुसऱ्यात इंग्रजी, असंच आम्हाला माहीत होतं. बाईंनी फळ्यावर रकाने आखलेच नाहीत. त्यांनी मधोमध एक चौकोन काढला आणि त्यात लिहिलं 'मी'. तिथून वर दोन रेघा, आई आणि वडील. आईच्या बाजूला तिची भावंडं, वडिलांच्या बाजूला त्यांची. मराठी नावं पिवळ्या खडूने, इंग्रजी पांढऱ्या खडूने. काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान, सगळ्यांखाली पांढरा शब्द एकच पडला : अंकल. आत्या, मावशी, काकू, मामी यांच्याखाली तसाच एक : आंट. चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ आणि त्यांच्या सगळ्या बहिणी मिळून कझिन. फळा भरला तेव्हा पिवळा रंग कितीतरी जास्त होता.

मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, ''बाई, इंग्रजीत शब्द कमी आहेत का?''

बाई म्हणाल्या, ''कमी नाहीत. जे आपण एका शब्दात सांगतो ते इंग्रजीत दोन शब्दांत सांगायचं. आणि ते सांगायचं की नाही, हे बोलणाऱ्याने ठरवायचं.''

मग तो पूर्ण तास आम्ही ते 'दोन शब्द' जोडत बसलो. मामा म्हणजे मदर्स ब्रदर. आत्या म्हणजे फादर्स सिस्टर. पुढे आत्याच्या मुलीचा नवरा, मामाच्या सासूबाई, अशा साखळ्या. प्रत्येक कडीला तो वर टांगलेला स्वल्पविराम आणि एस. षष्ठीचं व्याकरण मी धड्यातून शिकले नाही, नात्यांच्या या साखळ्यांतून शिकले, आणि ते कायमचं बसलं.

सिस्टर-इन-लॉ या शब्दाला बाईंनी वेगळा तास दिला. नणंद, जाऊ, वहिनी, मेहुणी, सगळ्या त्या एका शब्दात. 'इन-लॉ' म्हणजे कायद्याने झालेली बहीण हे आम्हाला कळलं, पण कुठला कायदा? तो मूळचा चर्चचा कायदा होता. लग्नामुळे जोडली गेलेली माणसं त्या कायद्याने सख्ख्यासारखीच धरली जात, म्हणून जोडीदार वारल्यावर त्याच्या भावाशी किंवा बहिणीशी लग्न करायलाही बंदी असे. ती मनाई या शब्दात राहून गेली आहे. अनेकवचन करताना एस शेवटी नाही, सिस्टरला लागतो, सिस्टर्स-इन-लॉ, हेही तेव्हाच घोटून घेतलं. व्याही आणि विहीण यांना मात्र रोजच्या इंग्रजीत सुटसुटीत शब्दच नाही. तिथे 'माझ्या मुलीचे सासरे' असंच सांगावं लागतं. मला हे अजूनही खटकतं. दोन घरांचं एवढं मोठं नातं, आणि त्याला स्वतःचं नाव नसावं.

आजोबांसाठी 'ही' लिहायला आमचा हात धजावत नसे. तो आला, तो गेला, असं आजोबांबद्दल कसं लिहायचं? एका मुलाने आदरार्थी म्हणून 'दे आर' लिहिलं होतं. बाईंनी ती चूक सगळ्या वर्गाला समजावून दिली, पण त्या मुलाचं नाव घेतलं नाही. इंग्रजीत आदर क्रियापदात नसतो, तो बोलण्याच्या ढंगात आणि निवडलेल्या शब्दांत असतो, असं त्या म्हणाल्या. एक बारकावा त्यांनी तेव्हाच दाखवला. आईला हाक मारल्यासारखं नुसतं 'मॉम' लिहिलं की पहिलं अक्षर मोठं, कारण तिथे ते नाव झालं. 'माय मॉम' लिहिलं की लहान.

त्या वर्षातली एक गोष्ट मला लिहायचीच आहे. आमच्या वर्गातल्या एका मुलीची आई ती लहान असतानाच गेली होती आणि वडिलांनी पुन्हा लग्न केलं होतं. तिने निबंधाचं पान कोरं दिलं. बाईंनी तिला मधल्या सुट्टीत थांबवून घेतलं. मी तिची मैत्रीण, म्हणून दाराशी घुटमळत होते, तर मलाही आत बोलावलं. ती म्हणाली, ''स्टेपमदर लिहायचं नाही मला. स्टेप म्हणजे पायरी ना?''

बाईंनी कपाटातला जाडजूड शब्दकोश काढला आणि आमच्यासमोर उघडला. या 'स्टेप'चा पायरीशी संबंध नाही, त्यांनी पानावर बोट ठेवून दाखवलं. जुन्या इंग्रजीतला हा वेगळाच शब्द. त्याचा अर्थ पोरका, आपलं माणूस गमावलेला. स्टेपचाइल्ड म्हणजे आधी पोरकं झालेलं मूल, आणि त्या मुलाला पुढे ज्यांनी आपलं म्हटलं ते स्टेपमदर, स्टेपफादर. आपला 'सावत्र' सवतीपासून आला, तो दोन बायकांची गोष्ट सांगतो. हा इंग्रजी शब्द आधी मुलाकडे बघतो. बाई एवढं सांगून थांबल्या आणि म्हणाल्या, ''पण निबंधात तू नुसतं माय मदर लिहिलंस तरी ते बरोबरच आहे. ती चूक कोणी काढणार नाही.''

मैत्रिणीने माझ्या शेजारी बसून ते पान पूर्ण केलं. तिने काय लिहिलं ते मी वाचलं नाही.

शब्दकोशात शिरायची सवय मला त्या दुपारी लागली. बाईंच्या 'शब्द कमी नाहीत' या उत्तराचं उरलेलं अर्ध मला पुढे कॉलेजात सापडलं. इंग्रजीत एके काळी हे सगळे शब्द वेगवेगळे होते! वडिलांचा भाऊ फॅडेरा, आईचा भाऊ एआम, वडिलांची बहीण फाथू, आईची बहीण मोड्रिये. काका, मामा, आत्या, मावशी, चौघांना चार नावं. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात फ्रेंच आली, आणि पुढच्या काही शतकांत फ्रेंचमधून आलेल्या अंकल आणि आंट या दोघांनी त्या चौघांना हटवलं. गंमत पुढे आहे. अंकल ज्या लॅटिन शब्दापासून आला तो अवुंकुलस म्हणजे फक्त मामा. काकाला लॅटिनमध्ये वेगळा शब्द होता, पात्रुअस. आणि आंट ज्यापासून आला तो अमिता म्हणजे फक्त आत्या. एक शब्द आईच्या घरचा, एक वडिलांच्या घरचा, आणि दोघांनी दोन्ही घरं व्यापली.

सुनेला जुन्या इंग्रजीत स्नोरु म्हणत. संस्कृतात स्नुषा, आपल्याकडे सून. दिराला म्हणत ताकोर. तो संस्कृत देवृ आणि आपला दीर यांचाच लांबचा भाऊ आहे, जरी चेहरा ओळखू येत नसला. इंग्रजीने हे दोन्ही टाकून दिले आणि सगळी नाती इन-लॉच्या एका साच्यात घातली. नेफ्यू मात्र टिकला. तो लॅटिन नेपोस या शब्दापासून आला, ज्याचा अर्थ नातूही होता आणि भाचाही, आणि नेपोस आणि संस्कृत नप्तृ यांचं मूळ एक. आपला नातू त्या नप्तृपासूनच आलेला. म्हणजे आपला नातू आणि त्यांचा नेफ्यू एकाच घरचे. मदर आणि मातृ, ब्रदर आणि भ्रातृ, डॉटर आणि दुहितृ या जोड्या तर ऐकताच कानाला पटतात. सर विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमातून आल्या असाव्यात असं मांडलं. नात्यांचे शब्द त्या म्हणण्याला भक्कम आधार देतात, कारण आई, भाऊ, मुलगी हे शब्द माणूस सहसा दुसऱ्याकडून उसने घेत नाही. अंकल आणि आंट उसने आले, पण मदर आणि ब्रदर जागचे हलले नाहीत.

आता माझं काम. मी जनुकीय समुपदेशक आहे. एखाद्या घरात एखादा आजार पिढ्यान्‌पिढ्या दिसत असेल तर त्या घराची वंशावळ काढायची, कोणाला धोका किती ते समजावून सांगायचं, कोणाची तपासणी करावी ते सुचवायचं. वंशावळीत पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, हयात नसलेल्या माणसावर तिरपी रेघ, आणि ज्याच्यापासून चौकशी सुरू झाली त्याच्याकडे बाण. पहिल्या दिवशी प्रशिक्षणात हे चिन्हांचं पान हातात आलं तेव्हा मला बाईंचा फळा दिसला. मधोमध 'मी', आणि तिथून वर जाणाऱ्या दोन रेघा.

एक आई तिच्या लहान मुलाला घेऊन आली होती. खरचटलं तरी त्याचं रक्त लवकर थांबत नसे. सोबतच्या जुन्या कागदांवर इंग्रजीत एक ओळ होती, 'अंकललाही असाच त्रास.' आधी ज्या कोणी ते लिहून घेतलं त्यांनी पुढे विचारलं नव्हतं. मी त्या आईला मराठीत विचारलं, ''मुलाचा काका की मामा?''

''मामा. माझा सख्खा भाऊ.''

त्या एका शब्दाने सगळी दिशा ठरली. हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, एक्स गुणसूत्रावरून येतो. मुलाला एक्स मिळतो आईकडून, वडिलांकडून वाय. त्यामुळे वडिलांच्या भावाला हिमोफिलिया असला तरी तो त्या वाटेने या मुलापर्यंत पोचत नाही. आईच्या भावाला असेल तर मात्र आई स्वतः वाहक, म्हणजे ते सदोष जनुक मुलांना देऊ शकणारी, असण्याची दाट शक्यता, आणि तिच्या बहिणींची, त्यांच्या मुलांचीही चौकशी करायला हवी. पुढच्या तपासण्यांत निदान पक्कं झालं. मग तिच्या धाकट्या बहिणीला बोलावून घेतलं. ती तेव्हा गरोदर होती, आणि तिच्या डॉक्टरांना हे बाळंतपणाआधी कळणं फार गरजेचं होतं. हे सगळं 'अंकल' या शब्दात झाकलेलं होतं. मामा या शब्दात ते उघड होतं.

आंटचंही तसंच. फॉर्मवर 'आंटला स्तनाचा कर्करोग' असं असतं. ती आंट काकू किंवा मामी असेल तर रक्ताचं नातं नाही. मावशी असेल तर आहे. आत्या असेल तरी आहे, आणि हे पुष्कळांना खरं वाटत नाही. असा धोका वडिलांच्या बाजूनेही येऊ शकतो, हे मला रोज समजावून सांगावं लागतं.

कझिन म्हटलं की मी थेट आजी-आजोबांपर्यंत मागे जाते. दोघांचे आजी-आजोबा एकच असतील तर फर्स्ट कझिन, पणजी-पणजोबा एक असतील तर सेकंड कझिन. पिढीचा फरक असला तर 'रिमूव्हड' : वडिलांचा चुलतभाऊ हा माझा फर्स्ट कझिन वन्स रिमूव्हड, आणि माझ्या चुलतभावाचा मुलगाही तोच. एक माझ्या वरच्या पिढीतला, एक खालच्या, तरी नाव एक. जनुकांचा हिशेब मात्र चोख असतो. आईवडील आणि मुलं यांच्यात निम्मी जनुकं समान, सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मी, मामा-भाचा यांच्यात सरासरी 25 टक्के, फर्स्ट कझिनमध्ये साडेबारा. हाफ-ब्रदर म्हणजे आई किंवा वडील यांपैकी एकच समान, तिथे 25. आणि स्टेपब्रदरशी शून्य, कारण दोघांचेही आईवडील वेगळे. हे शेवटचे दोन शब्द लोक सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. मी ते सोडवून घेते, पण ज्यांना स्टेप म्हणायचं आहे त्यांच्याशी बोलताना आवाज आपोआप हळू होतो. ती मधली सुट्टी आठवते.

बाई आता निवृत्त आहेत. समारंभाला त्या येणार आहेत असं कळलं, म्हणून ती वही मी सोबत घेऊन येणार आहे. 'व्हिच साइड?' खाली उत्तर लिहायला बाईंनी दोन ओळी मोकळ्या सोडल्या होत्या आणि मी सहावीत ते उत्तर लिहिलंच नाही. काल रात्री लिहिलं, त्याच चार रेघांत, निळ्या शाईने : मदर्स साइड. ते माझे मामा होते, बाई. शब्दाच्या मूळ अर्थाने अंकल.