साळ्याच्या घरची खाट

लाईन सकाळी दहालाच गेली होती. मे महिना, तेंदूपत्त्याचा हंगाम, गडचिरोली जिल्ह्यातलं आमचं आरोग्य केंद्र. पंखा बंद, पण क्षय तपासायचं ट्रूनॅट बॅटरीवर चालू. गोव्यात बनलेलं हे मशीन मला त्याचसाठी आवडतं, त्याला एसीची खोली लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 साली त्याला मान्यता दिली, आणि आता ते माझ्या टेबलावर ठेवलेलं आहे.

थुंकीतून डीएनए वेगळा झाला की त्यातले 6 मायक्रोलिटर पिपेटनं उचलून चिपच्या खळग्यात सोडायचे. धानाच्या दाण्याहून बारका थेंब. त्यात घाम टपकू नये म्हणून मी कपाळाला दुपट्टा बांधून बसतो. सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाचे जंतू दिसायला मिलीलिटरभर थुंकीत ते पाच-दहा हजार तरी असावे लागतात, मशीनला त्याहून पुष्कळ कमी पुरतात. पहिली चिप जंतू आहे की नाही एवढंच सांगते. आहे म्हटलं की रिफाम्पिसिन हे क्षयाचं मुख्य औषध लागू पडेल का हे बघायला दुसरी लावायची.

त्या दिवशी पहिली चिप पॉझिटिव्ह आली. माणूस चाळिशीचा. मी वही काढून विचारलं, घरात कोण कोण? बायको, दोन पोरं, आई. चौघांना बोलावलं, चौघंही ठणठणीत. मी खूश होऊन रकाना भरला.

बाहेर बाकड्यावर त्याची मावशी बसली होती. पानाची पिचकारी टाकून आली आणि म्हणाली, "बाबू, तू घरात कोन रायते म्हून पुसलं. पन तो घरी रायतेच कुठं? महिना झाला, साळ्याच्या घरी खाट टाकून झोपते. पत्ता तोडाले तिकडूनच जाते."

साळ्याचं गाव नाल्यापलीकडे. तिथं साळ्याचा सासरा दीड महिन्यापासून खोकत होता, आणि त्याची एक पोरगी तिसऱ्या गावात दिलेली, ती बाळंतपणाला माहेरी आलेली. मावशीनं हे सगळं तंबाखू मळता मळता सांगितलं. मी जुन्या रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानावर रेघा मारत गेलो. सासऱ्याचा नमुना पॉझिटिव्ह निघाला. म्हणजे ज्याला मी सुरुवात समजत होतो, तो मधलाच कुणी होता. तेव्हापासून मी 'घरात कोण' विचारत नाही. 'कुठं झोपता, कुणाकडं जेवता' विचारतो.

नवीन यंत्रांबद्दल वाचायची मला हौस आहे. स्टॅनफर्डचे मनू प्रकाश, मूळचे मेरठचे, आयआयटी कानपूरला शिकलेले. त्यांच्या गटानं 2017 साली कागदाच्या चकतीला दोरा ओवून हातानं फिरवायचं सेंट्रिफ्यूज दाखवलं. मिनिटाला सव्वा लाख फेरे, खर्च 20 सेंट, दीड मिनिटात रक्तातला प्लाझ्मा वेगळा. आमचे पोट्टे शर्टाच्या बटणात दोरा ओवून जी भिंगरी फिरवतात, तीच ती! मी भाच्याची भिंगरी मागून अर्धा तास फिरवत बसलो, तर बहिणीनं विचारलं, डोकं ठिकाणावर आहे ना?

सिकलसेल म्हणजे आईबापाकडून येणारा रक्तातला दोष. त्याचं काम मात्र मशीनपेक्षा अवघड. चाचणी साधी आहे. बोटातलं रक्त नळीतल्या द्रावणात टाकायचं आणि नळीमागं काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ठीक, गढूळपणात बुडाल्या तर नमुना पुढं जिल्ह्याला पाठवायचा, वाहक, म्हणजे दोष अंगात पण स्वतः आजारी नाही, की आजारी हे तिथं ठरतं. दोघं वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. वाहकाला मलेरिया सहसा जिवावर बेतत नाही, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी 1954 साली आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं. मलेरियाच्या मुलखात हा दोष टिकला तो त्यामुळं.

आमच्याकडं गोंड लोक सोयरिकीआधी विचारतात, किती देवाचे? चार देववाले चार देववाल्यांत पोरगी देत नाहीत, ते भाऊबंद. शिस्त पक्की आहे, पण मामाची पोरगी दुसऱ्या देवाची पडते, तिथं दार उघडं. आणि गोंडच कशाला, मामाची पोरगी करायची रीत आमच्याही घरात आहे.

मी वाहक आहे. शिकत असताना सरावाला स्वतःचंच रक्त घेतलं आणि रेघा बुडाल्या. आईनं मामाची मुलगी मनात धरली होती. मी मामाला म्हटलं, तिची एकदा तपासणी करू. दिवाणखाना नाही, भर ओसरीत म्हटलं, चार माणसं बसलेली. चूक माझीच. मामा उठला, धोतर झटकलं, म्हणाला, "माह्या पोरीच्या रक्तात खोट काढतं का?" दोन दिवाळ्या आईनं भाऊबीज केली नाही. मुलीचं लग्न दुसरीकडं झालं. माझंही झालं, बायकोच्या रेघा स्वच्छ दिसतात.

परवा रात्री मामाचा फोन आला. पहिले धानाचं बोलला, मग बैलाच्या खुराचं. मग म्हणाला, सुनेला तिसरा महिना लागला, पोराला आणि तिला तुझ्याकडं पाठवतो. जरा थांबून विचारलं, "उपाशी या लागते का रे?"

म्हटलं, नाही मामा, जेवूनच येऊ द्या.