दाताला हात लावू नका

कोपरखैरण्यात माथाडी वस्तीजवळ माझा दातांचा दवाखाना आहे. पेशंट बहुतेक सातारा-सांगलीकडचे. घरातला पुरुष तुर्भ्याच्या मार्केटात गोण्या उचलतो, आणि घरातल्या निम्म्या बायका सकाळी मिश्री लावतात. दातांच्या मागचा काळा थर बघून मी गावसुद्धा ओळखेन, असं मी आमच्या असिस्टंटला गमतीत म्हणते.

पावसाळा सरत आला होता. संध्याकाळी लाइट गेले. इन्व्हर्टरवर फक्त खुर्चीवरचा दिवा चालतो. कॉम्प्रेसर, सक्शन, एसी सगळं गप्प झालं. खुर्चीत चाळिशीतली बाई, शेजारी उभा तिचा नवरा. "मॅडम, तेवढी दाढ काढून टाका. झोप न्हाय हिला." मी आरसा घेऊन वाकले आणि मला टिकटिक ऐकू आली. कुणाच्या तरी जुन्या घड्याळाची असेल असं वाटलं. पण माझ्या हातात घड्याळ नव्हतं, तिच्याही नाही.

"ती आतली झडप हाय," नवरा सहज म्हणाला. "सहा-सात वर्सं झाली बसवून."

आमच्या फॉर्मवर 'काही आजार आहे का' या रकान्यात त्यांनी 'नाही' लिहिलं होतं. त्यांच्या लेखी ते खोटं नव्हतंच. ऑपरेशन झालं, आजार संपला. लहानपणी गावी तिचा घसा वारंवार धरायचा, नंतर सांधे सुजायचे. त्या संधिवाती तापाने हृदयाची झडप खराब झाली आणि पुढे मुंबईत धातूची बसवली. रक्त पातळ ठेवायला ॲसिट्रॉमची गोळी रोज चालू. हे सगळं एकेक प्रश्न विचारून बाहेर काढावं लागलं.

तोंडात खाली डावीकडे दाढेचं नुसतं मूळ उरलं होतं. शेजारी हिरडीवर पुळी, दाबली की पू. पण मला जास्त खटकल्या त्या बाकीच्या हिरड्या. दात आणि हिरडी यांच्यातली फट निरोगी तोंडात तीन मिलिमीटरच्या आत असते. तिच्या मागच्या दातांना प्रोब, म्हणजे ती फट मोजायची बारीक सळई, सहापर्यंत आत जात होता आणि जिथे लावावा तिथून रक्त येत होतं. ब्रश ती करतच नव्हती. ब्रशने रक्त येतं, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असताना रक्त आलं की घाबरायला होतं. म्हणून बोटाने मिश्री.

"या सहा वर्षांत दाताच्या डॉक्टरकडे गेलाच नाहीत?"

"हृदयाच्या डाक्टरांनी सांगितलंय, दाताला हात लावायचा न्हाय," ती म्हणाली.

नवऱ्याने प्लास्टिकच्या पिशवीतून फाइल काढली. डिस्चार्जच्या कागदावर खाली इंग्रजीत एक ओळ होती. तिचा अर्थ एवढाच, की दातांचे कोणतेही उपचार करण्याआधी आम्हाला कळवा. त्या ओळीचं घरापर्यंत येईतो 'दाताला हात लावू नका' झालं होतं. मधे एकदा दुखलं तेव्हा ते एका दवाखान्यात गेले होते. तिथे 'हार्ट पेशंट आहे, आधी फिटनेस आणा' म्हणून परत पाठवलं. फिटनेससाठी मुंबईला जायचं म्हणजे एक रोज बुडणार. मग राहिलंच. गैरसमज पक्का व्हायला आमच्याच पेशाने असा हातभार लावला होता.

खरं तर उलटं आहे. हिरड्या सुजलेल्या असतील तर दाढ काढताना जंतू रक्तात जातात, तसेच ते घास चावताना आणि ब्रश करतानाही जातात. धडधाकट माणसाचं शरीर ते थोड्या वेळात निपटून टाकतं. कृत्रिम झडपेवर मात्र त्यांना चिकटून बसायला जागा मिळते आणि तिथे त्यांची वाढ होते. दाढ काढणं आयुष्यात एकदा-दोनदा. भाकरी रोज दोन वेळा. म्हणजे ज्याच्या छातीत झडप बसवली आहे त्याने इतरांपेक्षा जास्त वेळा दाताच्या डॉक्टरकडे जायला हवं.

तोवर लाइट आले होते. मी विचारलं, ताप येतो का? दीड-दोन महिने संध्याकाळी कणकण येत होती. पावसाळ्यात कोपरखैरण्यात तापाचं कुणाला नवल नाही. मलेरिया तपासला, डेंग्यू तपासला, काही निघालं नाही. गल्लीतले डॉक्टर तीन-पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या देत, ताप उतरे, आठवड्याने परत येई. ब्लाउज ढगळ झाले होते. तिच्या नखांखाली बारीक, उभ्या, काळपट लाल रेघा दिसल्या. झडपेवर जंतू बसले की अशा रेघा येऊ शकतात. भांडी घासणाऱ्या हातांना मारानेही येतात, त्यामुळे फार भर देऊ नये. पण झडप, ताप, सडकं तोंड आणि त्या रेघा एकत्र आल्यावर मी आरसा खाली ठेवला.

वाशीतल्या ओळखीच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन केला. त्यांचं पहिलं वाक्य: "अँटिबायोटिकची एकही गोळी देऊ नका." रक्तातले जंतू बाटलीत वाढवून ओळखायचे असतात. आधीच औषध पोटात गेलं की बाटलीत काही उगवत नाही आणि आजार मात्र आत चालू राहतो. प्रत्येक वेळी ताप उतरवणाऱ्या त्या गोळ्यांनी नेमकं हेच केलं असणार.

नवरा वैतागला. "दाढ दुखतीय आन् तुम्ही काळजाच्या डाक्टरकडं पाठवताय?" त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. दुखणाऱ्या दाढेला हात न लावता फक्त पॅरासिटामॉल लिहून देणारी डॉक्टर मलाही पटली नसती. केमिस्टकडून तो डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी आणून देत होता, ते आधी बंद करायला लावलं; ॲसिट्रॉमबरोबर ते घेतलं तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. आम्ही दातवाले सर्रास लिहितो त्या मेट्रोनिडॅझोल या अँटिबायोटिकनेही ॲसिट्रॉमचा जोर वाढतो. त्याला हे सगळं सांगत बसले नाही. एवढंच म्हटलं, "दाढ मी काढेन, पण आधी ताप कुठून येतोय ते बघू द्या." त्याने रिक्षा बोलावली.

हॉस्पिटलमध्ये वेगवेगळ्या जागांहून तीन वेळा रक्त घेतलं, मगच औषध सुरू झालं. बाटल्यांत तोंडात राहणारे स्ट्रेप्टोकॉकस जंतू निघाले, व्हिरिडन्स गटातले. घशातून नळी घालून केलेल्या इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, झडपेवर जंतूंची गाठ दिसली. निदान एन्डोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या आतल्या अस्तराचा आणि झडपांचा जंतुसंसर्ग. कृत्रिम झडपेवर तो झाला की शिरेतून औषध साधारण सहा आठवडे द्यावं लागतं. वेळेवर न कळल्यास गाठीचा तुकडा सुटून मेंदूत जाऊ शकतो. तिच्या बाबतीत तसं झालं नाही, झडपही वाचली. मूळ तिथल्या दंतविभागाने काढलं. रक्त पातळ ठेवण्याचं गणित हृदयवाल्यांनी सांभाळलं.

त्या मुळातूनच जंतू गेले का? सिद्ध करता येणार नाही. माझा संशय हिरड्यांवर जास्त आहे.

इथे एक सांगायला हवं, कारण व्हॉट्सॲपवर उलटसुलट फिरत असतं. विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरने १९१० साली मॉन्ट्रियलमध्ये दातांतल्या पूवर भाषण दिलं आणि पुढची वीस-तीस वर्षं सांधेदुखीपासून वेडापर्यंत सगळ्याचं खापर दातांवर फोडून लोकांचे चांगले दात उपटले गेले. रूट कॅनलने हृदयविकार होतो, ही त्याच जातीची थाप आहे. हिरड्यांचा आजार आणि हार्ट अटॅक बऱ्याचदा एकाच माणसात दिसतात हे खरं. पण एकामुळे दुसरा होतो हे सिद्ध झालेलं नाही, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये स्पष्ट लिहिलं. मधुमेहाचं नातं जास्त पक्कं आहे: साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्यांवर नीट उपचार केले तर तीन महिन्यांची साखर थोडी खाली येते. आणि झडपेवरचा जंतुसंसर्ग ही तर रक्ताच्या बाटलीत दिसणारी गोष्ट आहे. तिन्ही एका तराजूत घालू नयेत.

आता ती ठरलेल्या तारखांना दात साफ करायला येते. यायच्या आधी तासभर अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक दोन ग्रॅम घेऊन, रक्तात गेलेले जंतू झडपेवर बसू नयेत म्हणून. तिच्या फाइलवर मी ते मराठीत, जाड अक्षरात लिहून दिलंय. तिला बघून वस्तीतली आणखी दोन झडपेची माणसं आली. त्यांच्याही घरी दाताला हात लावायचा नव्हता.

मागच्या वेळी मी विचारलं, मिश्री सुटली का?

"एकदाच लावते, सकाळी."

"आणि ब्रश?"

"दोनदा. रक्त न्हाय येत आता."

दोन्ही तिच्या कार्डावर लिहिलं आणि पुढची तारीख दिली. मिश्रीवरून भांडण तेव्हा करू.