कूलीची पेटी

कूली हे आडनाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे दादर स्टेशनावरचा लाल सदरा आला. डोक्यावर दोन बॅगा, खांद्याला एक, आणि "चला साहेब, गाडी लागली." प्रत्यक्षात हा कूली, पाळण्यातलं नाव 'जो', आयर्लंडमधल्या गॉलवे परगण्यातल्या पीटर्सवेल या खेड्यातला. जन्म १९२४चा. तोही ओझं घेऊन बरंच हिंडला, पण त्याचं ओझं एकच होतं, बटणांचा ॲकॉर्डियन. आणि तिकडे वाजवणारे लोक ॲकॉर्डियन असं लांबलचक काही म्हणत नाहीत. 'बॉक्स' म्हणतात. "तो बॉक्स छान वाजवतो."

म्हणजे पेटीच की! हे कळलं त्या दिवशी मला हा माणूस एकदम ओळखीचा वाटायला लागला. घराणंही एकच आहे म्हणा. भाता हलला की हवा आत शिरते, धातूची बारीकशी जीभ थरथरते आणि सूर निघतो. आपली पेटी मांडी घालून बसते, त्यांची मांडीवर बसते, एवढाच फरक.

माझी रात्रीची भांडी घासून झाली की मी ओट्यावर फोन टेकवून जो कूली लावते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रेकॉर्डिंग बिघडलंय असंच वाटलं. ग्लास किणकिणतायत, लोक बोलतायत, पाय आपटतायत, आणि सूर ऐन रंगात आला की मागून कुणीतरी जोरात हूप घालतो. स्टुडिओत असलं काही झालं असतं तर त्या माणसाला हाकलूनच दिलं असतं. पण हा स्टुडिओ नव्हताच. पीटर्सवेलमधला लाहिफ्स नावाचा पब, तारीख २९ नोव्हेंबर १९७३. बोधरानवर त्याचा भाऊ जॅक. बोधरान म्हणजे आपल्या डफाचा भाऊबंद, फक्त छोट्या काठीने वाजवायचा. बँजोवर डेस मल्केअर. रेकॉर्डिंग केलं टोनी मॅकमाहन यांनी. लहानपणी आपल्या घरी येणाऱ्या कूलीचा बॉक्स ऐकून ते स्वतःही आयुष्यभर तेच वाद्य वाजवत राहिले.

कूली त्या वेळी फुप्फुसाच्या कर्करोगाने आजारी होता. तीनेक आठवड्यांनी तो गेला. वय ४९. तबकडी निघाली १९७५मध्ये, नाव नुसतं 'कूली'.

तो १९५४ साली अमेरिकेला गेला होता. पन्नासच्या दशकात जेमतेम तीस लाख वस्तीच्या आयर्लंडमधून चार लाखांच्या आसपास माणसं निघून गेली. गावात काम नाही, शेतीचे तुकडे झालेले, धाकट्यांनी जायचं हे ठरलेलंच. आयर्लंडमध्ये पूर्वी एक चाल होती. कुणी अमेरिकेला निघालं की आदल्या रात्री घरात सगळी आळी जमायची. नाच, गाणं, खाणंपिणं, आणि मध्येच रडारड. त्याला 'अमेरिकन वेक' म्हणायचे. वेक म्हणजे मेलेल्या माणसाशेजारी जागून काढायची रात्र. जाणारा जिवंत आहे, शेजारी बसून चहा पितोय, पण तो परत दिसणार नाही हे सगळ्यांनी मनात धरलेलं. दिसायचाही नाही बहुतेक वेळा. मायकेल कोलमन हा आयर्लंडमधल्या स्लायगोचा फिडलवाला, म्हणजे व्हायोलिनवाला, १९१४ साली गेला आणि १९४५ साली न्यूयॉर्कमध्येच वारला. गावी परत आल्या त्या त्याच्या तबकड्या. त्या घासून घासून ऐकून गावातली पोरं त्याच्यासारखं वाजवायला शिकली. माणूस नाही, सूर परत. हा हिशेब मला नेहमी जरा दुष्ट वाटतो.

कूलीच्या बाबतीत उलटं झालं. न्यूयॉर्क, शिकागो, सॅन फ्रान्सिस्को असं फिरून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तो स्वतःच परत आला. तिकडे तो दुःखात दिवस काढत होता असं मात्र समजू नका. सॅन फ्रान्सिस्कोत त्याच्याकडे तरुण मुलं शिकायला यायची. पण तो अमेरिकेला गेला त्या सुमारास इकडे आयर्लंडमध्ये बॉक्स वाजवायची तऱ्हाच बदलायला लागली होती. जुन्या तऱ्हेत भाता सारखा दाबायचा-ओढायचा. एकच बटण दाबून भाता आत ढकलला की एक सूर, बाहेर ओढला की दुसरा. त्यामुळे प्रत्येक वळणाला एक झटका बसतो, धाप लागलेल्या माणसाच्या श्वासासारखा. नव्या तऱ्हेत बोटं जास्त धावतात, भाता शांत राहतो, नक्षीकाम सुरेख होतं. गावात नवी तऱ्हा रुळली आणि कूली अमेरिकेतून जुनीच तऱ्हा घेऊन आला. गाव पुढे गेलेलं आणि गाव सोडून गेलेल्याच्या मांडीवर जुनं गाव तसंच. परदेशातल्या मराठी मंडळात चाळीस वर्षांपूर्वीचं पुणं जसंच्या तसं भेटतं, त्यातलाच हा प्रकार.

त्यांच्या रीलची, म्हणजे नाचाच्या जलद चालीची, रचना तशी साधी असते. आठ आवर्तनांचे दोन तुकडे, प्रत्येक दोनदा, आणि हे सगळं दोन-तीन फेऱ्या. मग न थांबता दुसरी रील. कधी बदलायचं हे कुणी बोलत नाही, भुवई उचलली जाते. वाजवणारे बहुतेक वेळा वर्तुळात बसतात, श्रोत्यांकडे पाठ करून. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला उद्धटपणा वाटला होता. आता वाटतं, श्रोत्यांसाठी वाजवतंय कोण? ते एकमेकांना भेटायला आलेत.

यावरून मला मामांची आठवण होते. मामा परळच्या गिरणीत होते. चाळीतल्या खोलीत पेटी ठेवायला जागा नव्हती, म्हणून ती कुडाळजवळच्या घरी माळ्यावर असायची. गणपतीला गावी आले की पाय धुवायच्या आधी पेटी खाली. एका वर्षी उंदरांनी भात्याला भोक पाडलं होतं. मामांनी कातड्याचा तुकडा सरस लावून चिकटवला, वरून पाटा ठेवला, आणि तो सुकेपर्यंत चहालाही हात लावला नाही. संध्याकाळी पखवाजवाले काका अंगणात आले.

"कधी इलंस?"

"सकाळी. पखवाज काढ."

वर्षभराने भेटलेल्या दोन मित्रांचं संभाषण इतकंच. बायकामुलं, पगार, आजारपण, सगळं नंतर, किंवा नाहीच. रात्री भजनाला बसलं की मात्र मामांचं लक्ष सगळीकडे. डोळे मिटलेले, मान डोलतेय, आम्हा पोरांना वाटायचं गेले समाधीत. आणि गजर संपल्यावर डोळे न उघडताच विचारायचे, "टाळात आज एक हात कमी कसो?"

कूली म्हणायचा, माणसांना भानावर आणणारं संगीत हेच. मला हे वाक्य फार दिवस पटत नव्हतं. आपल्याकडे गाणं चांगलं झालं की भान हरपतं. तल्लीन होणं, देहभान विसरणं, ब्रह्मानंदी टाळी लागणं, कौतुकाचे आपले सगळे शब्द शुद्ध हरपण्याकडेच जातात. आणि हा म्हणतो भानावर! पण मामांचा तो टाळाचा प्रश्न आठवला आणि मग लाहिफ्समधलं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. त्या पबमध्ये कुणाचंही भान हरपलेलं नाही. आपल्यासमोर कोण बसलंय, तो किती वर्षांनी आलाय, आणि किती दिवसांसाठी, हे तिथल्या बऱ्याच जणांना ठाऊक असणार. म्हणून तर एवढे पाय आपटतायत. हूप घालणाऱ्या त्या माणसाचा मला आता राग येत नाही. कूलीला ऐकू यावं म्हणूनच तो ओरडतोय.

गिरणी बंद पडल्यावर मामा कायमचे गावी आले. त्यांच्यामागे पेटी मी मुंबईला आणली, कारण आता माझ्याकडे जागा आहे. मला ती वाजवता येत नाही. कधीतरी झाकण काढते, पुसते आणि भाता एकदा हलवून बघते. तो कातड्याचा तुकडा अजून धरून आहे. काळी चार मात्र दाबली की सुटत नाही. आपलं बोट उचललं तरी ती वाजतच राहते, भात्यातली हवा संपेपर्यंत.